ठेवीदाराची जागा

परक्याचा पैसा विश्वासाने स्वीकारावा, मागेल त्या वेळी तो परत करण्याची हमी द्यावी आणि दरम्यानच्या काळात तोच पैसा तिसऱ्याला व्याजाने देऊन त्यातून आपला आणि इतरांचा चरितार्थ चालवावा, हा व्यापारी बँकेचा व्यवसाय. १९४९ च्या बँकिंग विनियमन अधिनियमाने बँकिंगची जी व्याख्या केली आहे, तिचाही मथितार्थ हाच, की कर्ज देण्यासाठी अथवा गुंतवणूक करण्यासाठी जनतेकडून ठेवी स्वीकारणे आणि त्या मागणी होताच किंवा ठरल्या मुदतीने, धनादेशाने वा अन्य रीतीने परत करणे म्हणजे बँकिंग. या व्याख्येत भागधारकाचा उल्लेख नाही, संचालकाचा नाही, सरकारचाही नाही. उल्लेख आहे तो ठेवीचा आणि कर्जाचा. तथापि, ज्याच्या ठेवीवाचून या व्यवसायाचा श्रीगणेशाच होऊ शकत नाही, त्या ठेवीदाराला बँकेच्या कारभारात चार शब्द बोलण्याचा अधिकार कितपत आहे, असे कोणी विचारले, तर त्याचे प्रामाणिक उत्तर 'जवळजवळ नाही' असेच द्यावे लागेल. ही अवस्था न्याय्य नाही, बँकांच्याही हिताची नाही, आणि ती बदलण्यासाठी प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळात ठेवीदारांच्या प्रतिनिधीला कायद्याने सक्तीची व स्वतंत्र जागा मिळाली पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

ठेवीचा प्रवास एकदा डोळ्यांपुढे आणला, म्हणजे या मागणीचे मूळ ध्यानात येते. एखाद्या शिक्षकाने अथवा दुकानदाराने शंभर रुपये खात्यात भरले, की कायद्याच्या दृष्टीने ते रुपये त्याचे राहत नाहीत; ते बँकेचे होतात आणि तो बँकेचा धनको होतो. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८४८ मध्ये 'फोली विरुद्ध हिल' या खटल्यात घालून दिलेला हा सिद्धांत आपल्याकडेही रूढ झालेला आहे. त्या शंभरांतला काही हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावा लागतो, सुमारे अठरा रुपये सरकारी कर्जरोख्यांसारख्या सुरक्षित साधनांत गुंतवावे लागतात, आणि जे उरतात त्यांतून कर्जे दिली जातात. एकूण कर्जांपैकी चाळीस टक्के अग्रक्रम क्षेत्राला, आणि त्यांतले अठरा शेतीला, असा दंडक आहे. तेव्हा साताऱ्याच्या शाखेत भरलेली रक्कम कोणाच्या तरी सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा म्हणून नोंदली जाते, भोसरीच्या कारखानदाराला गोदामातील मालाच्या तारणावर कॅश क्रेडिटच्या रूपाने मिळते, कोणा नवविवाहित दांपत्याच्या सदनिकेच्या गहाणखतात गुंतते, किंवा एखाद्या प्रचंड उद्योगसमूहाच्या वीजप्रकल्पात वर्षानुवर्षे अडकून पडते. याखेरीज बँक हमी, पतपत्र, परकीय चलनाची खरेदी-विक्री, लॉकर, विम्याची व म्युच्युअल फंडांची विक्री असे अनेक जोडव्यवसाय बँक करते आणि त्यांवर दलाली मिळवते. परंतु हे सारे जोडव्यवसायही शेवटी ज्या पतीवर चालतात, ती पत लाखो सामान्य माणसांनी निर्धास्तपणे ठेवलेल्या रकमांतूनच निर्माण झालेली असते.

आता या उलाढालीत मालक म्हणविणाऱ्यांचा स्वतःचा पैसा किती असतो, हे पाहावे. जोखमीच्या मानाने तोललेल्या मालमत्तेच्या निदान नऊ टक्के भांडवल असावे, त्यावर अडीच टक्क्यांची आणखी तजवीज असावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि सुस्थितीतील बँका याहून अधिक भांडवल बाळगतात, हेही खरे. तरीसुद्धा कोणत्याही बँकेचा ताळेबंद उघडून त्याची देण्यांची बाजू पाहिली, तर भागभांडवल आणि राखीव निधी यांच्या रकमा चिंचोळ्या दिसतात आणि त्यांच्याखाली 'ठेवी' या एका शब्दासमोरचा आकडा त्या साऱ्यांना झाकून टाकतो. अन्य कोणत्याही व्यवसायात ज्याचे धन सर्वांत अधिक गुंतलेले असते, त्याचा शब्द सर्वांत वजनदार असतो. बँकिंगमध्ये मात्र थोड्या पैशांच्या मालकाला मत आहे आणि फार मोठ्या पैशांच्या धन्याला ते नाही.

बँकेच्या भल्याबुऱ्याशी ज्यांचे हित निगडित आहे अशांची यादी लांबलचक आहे, आणि त्यांतील प्रत्येकाने आपापल्या बळावर किंवा कायद्याच्या आश्रयाने आपला आवाज पोहोचवण्याची वाट शोधलेली आहे. भागधारक वार्षिक सभेत मत देतो, लाभांश घेतो, आणि कारभार न रुचल्यास भाग विकून मोकळा होतो. कर्मचाऱ्याची संघटना आहे, देशव्यापी वेतनकरार आहे, आणि राष्ट्रीयीकृत बँकांच्या कायद्यात कामगार व अधिकारी या दोघांच्या प्रतिनिधींसाठी संचालक मंडळावर एकेक जागा लिहून ठेवलेली आहे. सरकार तर बहुसंख्य भागांचे धनीच आहे; त्याचा अधिकारी मंडळावर बसतो, अध्यक्ष व कार्यकारी संचालक त्याच्याच आदेशाने नेमले जातात. मोठ्या कर्जदाराला प्रतिनिधीची गरजही भासत नाही, कारण त्याच्या कर्जाचा आकडाच त्याच्या वतीने बोलत असतो. लहान कर्जदाराच्या मागे निदान निवडणुकांच्या तोंडावर राजकीय पक्ष तरी उभे राहतात. ठेवीदार तेवढा संख्येने कोट्यवधी असूनही एकाकी आहे. त्याची संघटना नाही, कारण परस्परांना तो ओळखत नाही. त्याचा मोर्चा निघत नाही, कारण बँक बुडेपर्यंत आपल्यावर काही संकट आहे याची त्याला वार्ताच नसते. आणि वार्ता लागते, तेव्हा मोर्चा काढून उपयोग होण्याची वेळ टळून गेलेली असते.

महाराष्ट्राला या प्रश्नाचा इतिहास नवा नाही. अर्थशास्त्राचे प्राध्यापक वामन गोविंद काळे आणि दा. के. साठे यांच्या पुढाकाराने १९३५ च्या सप्टेंबरात पुण्यात बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी झाली आणि १९३६ च्या फेब्रुवारीत तिचा व्यवहार सुरू झाला. धनिक सराफांची पेढी नव्हे, तर मध्यमवर्गीयांच्या बचतीला आणि लहान उद्योजकांच्या उमेदीला एकत्र आणणारी संस्था असावी, अशी त्यामागची दृष्टी होती. त्याच १९३६ मध्ये साताऱ्यात युनायटेड वेस्टर्न बँक उभी राहिली. सांगलीची बँक तर त्याच्याही वीस वर्षे आधीची. या संस्थांच्या प्रारंभीच्या काळात संचालक आणि ठेवीदार बहुधा एकाच पेठेत राहत, एकमेकांना नावाने ओळखत, आणि संचालकाच्या हातून काही गैर घडले, तर त्याला दुसऱ्या दिवशी त्याच माणसांमधून चालावे लागे. ठेवीदाराला मंडळात जागा नसली, तरी गावात त्याचा धाक होता. बँका वाढल्या, शाखा राज्याबाहेर आणि देशभर पसरल्या, निर्णय दूरच्या कचेऱ्यांतून होऊ लागले, आणि तो धाक नाहीसा झाला. त्याच्या जागी कायद्याने दुसरी काही तजवीज करावयास हवी होती.

तशी तजवीज तुकड्यातुकड्याने झाली, आणि प्रत्येक वेळी ती ठेवीदारांच्या हालअपेष्टांनंतर झाली. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक या दोन बँका कोसळल्या, तेव्हा संसदेला जाग आली आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळ अस्तित्वात आले. प्रारंभी एका ठेवीदाराला मिळणारे संरक्षण होते पंधराशे रुपयांचे. ते वाढत वाढत १९९३ मध्ये एक लाखावर गेले, आणि मग सत्तावीस वर्षे तेथेच खिळून राहिले. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, सहा महिन्यांत केवळ हजार रुपये काढण्याची मुभा असल्याचा फलक शाखांच्या दारांवर लागला, आजारी माणसांच्या नातेवाइकांनी आणि निवृत्तांनी मुंबईच्या रस्त्यांवर टाहो फोडला, आणि त्यानंतर काही महिन्यांतच, ४ फेब्रुवारी २०२० पासून, ती मर्यादा पाच लाखांवर गेली. ज्या वर्गाचा प्रतिनिधी धोरणकर्त्यांच्या जवळ बसलेला असतो, त्याच्या रास्त गरजेची आठवण होण्यासाठी सत्तावीस वर्षे आणि एका बँकेचे पतन यांची वाट पाहावी लागत नाही. शिवाय विम्याची ही मर्यादा बहुसंख्य खात्यांना पुरेशी असली, तरी एकूण ठेवींच्या रकमेचा निम्म्याहून अधिक भाग तिच्या बाहेरच राहतो. आयुष्यभराची पुंजी एका ठिकाणी ठेवणारा निवृत्त माणूस नेमका या उघड्यावरच्या भागात सापडतो.

परंतु एक काळ असा होता, की ज्या काळात कायदेमंडळाला ठेवीदाराची जागा नीट दिसली होती, आणि ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. १९ जुलै १९६९ रोजी पन्नास कोटींहून अधिक ठेवी असलेल्या चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. बँक ऑफ महाराष्ट्र त्यांत होती. त्यानंतर १९७० मध्ये जो कायदा संमत झाला, त्याने या बँकांच्या संचालक मंडळांत कर्मचाऱ्यांचे आणि ठेवीदारांचे प्रतिनिधी असलेच पाहिजेत, तसेच शेतकरी, कामगार व कारागीर यांचे हित पाहणाऱ्या व्यक्तीही असल्या पाहिजेत, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले होते. राष्ट्रीयीकरणाच्या गुणदोषांविषयी मतभेद असू शकतात आणि आहेत. परंतु बँक ही केवळ भागधारकांची मालमत्ता नसून तिच्यात पैसे ठेवणारा, तिच्याकडून पैसे घेणारा आणि तिच्यासाठी राबणारा या तिघांचाही तिच्यावर हक्क आहे, हे तत्त्व त्या एका कलमात जितक्या स्वच्छपणे मांडले गेले, तितके आपल्या आर्थिक कायद्यांत अन्यत्र क्वचितच मांडले गेले असेल.

पुढे १९९० च्या दशकात या बँकांचे भाग जनतेला खुले करण्याचे ठरले आणि त्यासाठी हा कायदा दुरुस्त झाला. नव्या रचनेत कामगाराची जागा राहिली, अधिकाऱ्याची राहिली, सनदी लेखापालाला स्वतंत्र जागा मिळाली, आणि नव्याने आलेल्या भागधारकांना आपले संचालक निवडून देण्याचा अधिकार प्राप्त झाला. ठेवीदाराचे काय झाले? सरकारने नेमावयाच्या आणि भागधारकांनी निवडावयाच्या संचालकांच्या पात्रतेविषयी जे कलम आहे, त्यात असे म्हटले आहे, की अशा व्यक्तीला शेती, सहकार, अर्थशास्त्र, कायदा इत्यादी विषयांचे विशेष ज्ञान असावे, अथवा तिने ठेवीदारांच्या हिताचे प्रतिनिधित्व करावे, अथवा शेतकरी, कामगार, कारागिरांच्या हिताचे करावे. 'असलाच पाहिजे' याचे 'असला तरी चालेल' झाले. एका अव्ययाच्या आडोशाने कोट्यवधी माणसांचा हक्क ऐच्छिक ठरला, आणि त्याबद्दल कोठे वाद झाला नाही, कारण वाद घालणारा मंडळात नव्हताच. खाजगी बँकांची गोष्ट तर त्याहून सोपी: त्यांना लागू असलेल्या कलमात निम्म्याहून अधिक संचालक निरनिराळ्या विषयांचे जाणकार असावेत अशी अट आहे, परंतु त्या विषयांच्या यादीत ठेवीदारांच्या हिताचे नावही नाही.

यातली विसंगती विशेष खटकणारी आहे, ती अशासाठी, की हाच बँकिंग कायदा पानोपानी ठेवीदाराचे नाव घेतो. बँकेला परवाना द्यावयाचा, तर तिचा कारभार वर्तमान आणि भावी ठेवीदारांच्या हिताला बाधक नसावा. रिझर्व्ह बँकेने एखाद्या बँकेला आदेश द्यावयाचे, तर ते ठेवीदारांचे हित जपण्यासाठी. निर्बंध लादावयाचे, विलीनीकरण करावयाचे, परवाना रद्द करावयाचा, तर तेही ठेवीदारांच्याच नावाने. २००६ च्या सप्टेंबरात साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर स्थगिती आली आणि ऑक्टोबरात ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली, तेव्हा ठेवी सुरक्षित राहिल्या, आणि त्याचे श्रेय रिझर्व्ह बँकेला द्यावयास हवे. परंतु सत्तर वर्षे ज्यांनी त्या बँकेत पैसे ठेवले, त्या जिल्ह्यातील माणसांना आपली बँक या थराला कशी आली हे कोणी वेळीच सांगितले नव्हते, आणि तिचे पुढे काय व्हावे हे कोणी विचारले नाही. ज्याच्या नावाने सारी फर्माने निघतात, त्याला सदरेवर येण्याची परवानगी नसावी, ही राज्यव्यवस्था जुन्या काळी चालत असेल. लोकशाहीत ती शोभत नाही.

मंडळात ठेवीदार नसल्याचा परिणाम केवळ बँक बुडते तेव्हाच होतो असे नाही. तो रोजच्या व्यवहारात, शाखेच्या टेबलावर, रोज घडताना दिसतो. तालुक्याच्या गावी निवृत्त प्राथमिक शिक्षक मुदत संपलेली ठेवपावती घेऊन येतात; पाच वर्षांपूर्वी ठेवलेले तीन लाख, त्यांवरचे व्याज धरून, पुन्हा तसेच ठेवावेत एवढीच त्यांची इच्छा असते. टेबलापलीकडचा तरुण अधिकारी आदराने म्हणतो, "गुरुजी, ठेवीवर आता काय मिळतं? त्यापेक्षा ही योजना घ्या, बँकेचीच आहे, जास्त परतावा आहे." गुरुजी चष्मा पुसतात, ज्या ज्या जागी पेन्सिलीने फुली मारून दिली आहे त्या त्या जागी सही करतात, आणि घरी जातात. पुढच्या वर्षी त्याच तारखेला विम्याच्या दुसऱ्या हप्त्याची मागणी येते, तेव्हा त्यांना कळते की आपण ठेव ठेवली नव्हती, विमा घेतला होता. निवृत्तिवेतनातून तो हप्ता झेपणारा नसतो, आणि पॉलिसी मध्येच मोडली तर हाती येणारी रक्कम भरलेल्या रकमेहून कितीतरी कमी असते. त्या तरुण अधिकाऱ्याला दोष देऊन भागणार नाही. त्याच्या डोक्यावर वरून आलेल्या उद्दिष्टाची टांगती तलवार असते, आणि ते उद्दिष्ट पुरे न झाल्यास बदली कोठे होईल हे त्याला ठाऊक असते. उद्दिष्ट मंडळाने मान्य केलेल्या व्यवसाय-योजनेतून येते. बँकांनी अशी विक्री करू नये, आपल्या मूळ व्यवसायाकडे लक्ष द्यावे, असे खुद्द अर्थमंत्र्यांनी जाहीरपणे बजावले आहे. ही योजना मंडळापुढे आली त्या दिवशी "ही दलाली कोणाच्या बचतीतून येणार?" असे विचारणारा एक माणूस तेथे असता, तर पुढच्या बजावण्याची गरजच पडली नसती.

दुसरे उदाहरण दावा न सांगितलेल्या ठेवींचे. दहा वर्षे ज्या खात्यांत व्यवहार झाला नाही, त्यांतील रकमा रिझर्व्ह बँकेच्या एका स्वतंत्र निधीत वर्ग होतात. २०२४ च्या मार्चअखेर या निधीत ७८ हजार कोटींहून अधिक रक्कम साचली होती. कोण्या विधवेला नवऱ्याचे खाते ठाऊक नव्हते, कोणाचे वारस शहरात गेले, कोणाच्या पासबुकातले नाव आणि आधारपत्रावरचे नाव जुळले नाही, कोणी वारस दाखल्यासाठी दहा हेलपाटे घालून थकून गेला. अशा असंख्य लहान लहान कहाण्यांची ही बेरीज आहे. शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचे संकेतस्थळ काढले, ते योग्यच झाले. परंतु थकलेल्या कर्जदाराच्या दारी जाण्यासाठी बँकेपाशी वसुलीची स्वतंत्र यंत्रणा असते, आणि विस्मृतीत गेलेल्या ठेवीदाराच्या दारी जाण्यासाठी नसते, याचे कारण एवढेच, की पहिल्या कामाचा हिशेब मागणारे मंडळात बसलेले आहेत आणि दुसऱ्या कामाचा हिशेब मागणारे तेथे कोणी नाही.

तिसरी गोष्ट जोखमीची. २०१८ च्या सुमारास देशातील व्यापारी बँकांची थकीत कर्जे एकूण कर्जांच्या अकरा टक्क्यांच्या पुढे गेली होती. ती आज तीन टक्क्यांच्या आत आली आहेत, याचा आनंद कोणालाही व्हावा. परंतु मधल्या काळात सरकारी बँका सावरण्यासाठी २०१६-१७ ते २०२०-२१ या पाच वर्षांत तीन लाख कोटींहून अधिक भांडवल सरकारी तिजोरीतून ओतावे लागले, म्हणजे करदात्याच्या रूपाने तोच ठेवीदार दुसऱ्यांदा पुढे आला. २०२० च्या मार्चमध्ये येस बँकेच्या खातेदारांवर पन्नास हजारांची मर्यादा आली, तेव्हा ज्यांचे पगार आणि रुग्णालयांची बिले त्या खात्यांतून जात होती, त्यांनी त्या बँकेच्या कर्जवाटपाच्या एकाही निर्णयात भाग घेतलेला नव्हता. भागधारक जोखीम पत्करतो, कारण यश आले तर नफा त्याचा असतो. ठेवीदाराला यशाचा वाटा ठरावीक व्याजापलीकडे मिळत नाही, अपयशाची धग मात्र त्याच्यापर्यंत पोहोचते. म्हणून धाडसाला आवर घालण्याची प्रेरणा साऱ्या हितसंबंधीयांत त्याच्याच ठायी सर्वांत स्वाभाविक असते. कर्जवाटपाच्या उत्साहाने भारलेल्या मंडळाला अशाच सावध माणसाची गरज असते.

या मागणीवर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला असा, की ठेवीदारांचे हित पाहण्यासाठी रिझर्व्ह बँक समर्थ आहे. ती आहेच, परंतु ती बाहेरून पाहते आणि बहुधा नंतर पाहते. लोकपालाकडे दाद मागता येते, संचालक मंडळाच्या ग्राहकसेवा समितीला ग्राहकांच्या प्रतिनिधींना निमंत्रित करता येते, या सोयी स्वागतार्ह आहेत. पण निमंत्रिताला बोलावले तर तो येतो, आणि संचालकाला टाळता येत नाही. दुसरा आक्षेप असा, की ठेवीदार असमाधानी असेल, तर त्याने पैसे काढून दुसऱ्या बँकेत ठेवावेत. पण एकट्याने पैसे काढले, तर बँकेला त्याची दखलही घ्यावी लागत नाही, आणि सर्वांनी एकदम काढले, तर बँक कोसळते आणि सर्वांचेच नुकसान होते. ज्या हक्काचा वापर एक तर निरुपयोगी किंवा विनाशकारी, त्याला हक्क म्हणणे कठीण आहे. तिसरा आक्षेप अधिक खरा आहे: १९७० नंतर ठेवीदारांचे म्हणून जे प्रतिनिधी नेमले जात, ते सरकारच्या मर्जीने नेमले जात, आणि राजकीय सोयीसाठी दिलेली ती शोभेची पदे ठरली, अशी तक्रार होती. हे मान्य केले, तरी त्यातून निघतो तो निष्कर्ष नेमणुकीची रीत सुधारण्याचा. जागाच काढून टाकण्याचा नव्हे. वाईट मतदान झाले म्हणून मताधिकार रद्द करावा, असे कोणी म्हणत नाही.

आणि ठेवीदारांना सार्वजनिक प्रश्नाची समज नसते, हा जो चौथा आक्षेप कुजबुजून घेतला जातो, त्याला उत्तर अनुभवाने दिलेले आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये वित्तीय संस्थांच्या निराकरणाविषयीचे विधेयक लोकसभेत आले. संकटातील बँक सावरण्यासाठी तिची देणी कमी करण्याचा अधिकार त्यातील एका कलमाने एका नव्या महामंडळाला मिळणार होता. ही देणी म्हणजे आपल्या ठेवी, हे ज्यांच्या ध्यानात आले त्यांनी वृत्तपत्रांतून, सभांतून, निवेदनांतून आवाज उठवला, आणि वर्षभरात, २०१८ च्या ऑगस्टमध्ये, सरकारला ते विधेयक मागे घ्यावे लागले. कायद्याची गुंतागुंतीची भाषा सामान्य ठेवीदाराला कळते, फक्त ती त्याच्यासमोर यावी लागते. हे काम एरवी रस्त्यावर आणि उशिरा होते, ते मंडळाच्या बैठकीत आणि वेळीच व्हावे, एवढेच मागणे आहे.

मागणे व्यवहार्य आहे काय, असे विचारणाऱ्यांसाठी त्याची रूपरेषाही सांगतो. राष्ट्रीयीकृत बँकांच्या कायद्यातील पात्रतेचे ऐच्छिक वाक्य बदलून ठेवीदारांच्या प्रतिनिधीसाठी निदान एक जागा सक्तीची करावी, आणि तीच अट खाजगी बँकांच्या कलमातही घालावी. ही व्यक्ती त्या बँकेची निदान दहा वर्षांची खातेदार असावी. तिच्यावर वा तिच्या कुटुंबावर त्या बँकेचे कर्ज नसावे, तिच्यापाशी त्या बँकेचे भाग नसावेत, आणि ती कोणत्याही राजकीय पक्षाची पदाधिकारी नसावी. निवड सरकारने न करता, ग्राहक-संघटना आणि ठेवीदारांचे मंच यांनी सुचविलेल्या यादीतून रिझर्व्ह बँकेने करावी, मुदत एकच असावी, आणि ग्राहकसेवा समितीचे अध्यक्षपद याच संचालकाकडे असावे, म्हणजे विमाविक्रीची उद्दिष्टे, दंडाचे आकार, मृत खातेदारांच्या वारसांचे दावे आणि दावा न सांगितलेल्या ठेवी हे विषय प्रत्येक बैठकीत क्रमाने येतील. वार्षिक अहवालात या संचालकाचे ठेवीदारांना उद्देशून एक निवेदन असावे, आणि महाराष्ट्रातील शाखांत ते मराठीतून, सुबोध शब्दांत, सूचनाफलकावर लावलेले असावे. नागरी सहकारी बँकांत तर याची निकड अधिकच आहे. तेथे कर्ज घ्यावयाचे तर सभासद व्हावे लागते आणि सभासदाला मत असते, ठेव ठेवावयाची तर सभासदत्व लागत नाही आणि मतही नसते. म्हणजे पैसे देणाऱ्यांवर पैसे घेणाऱ्यांचे राज्य चालते, आणि त्याची किंमत महाराष्ट्राने एकाहून अधिक शहरांत मोजलेली आहे.

एका संचालकाने सारा कारभार सुधारेल, असा माझा भाबडा समज नाही. बहुमताच्या मंडळात एका मताने ठराव हाणून पाडता येत नाही. पण ठरावावर प्रश्न विचारता येतो, तो इतिवृत्तात नोंदवता येतो, आणि पुढे चौकशी झाली तर ती नोंद साक्षीला उभी राहते. ज्या मंडळांचे निर्णय ठेवीदारांना भोवले, त्यांच्या इतिवृत्तांत असा एक प्रश्न असता, तर निर्णय घेणाऱ्यांचा हात काही क्षण तरी थबकला असता. कायद्याने ठेवीदाराला हे स्थान एकदा दिले होते आणि मग त्याच्या नकळत ते ऐच्छिक केले. ते पूर्ववत् करण्यासाठी संसदेला नवे तत्त्व शोधावयाचे नाही, १९७० मध्ये स्वतःच मान्य केलेल्या तत्त्वाला फक्त अधिक चांगल्या निवडपद्धतीची जोड द्यावयाची आहे. महाराष्ट्रातील खासदारांनी, ज्यांच्या मतदारसंघांत बुडालेल्या बँकांचे ठेवीदार आजही राहतात, ही दुरुस्ती पक्षभेद विसरून मांडावी. आणि आपण ठेवीदारांनी पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, आमच्या पैशांवर चालणाऱ्या संस्थेत आमच्या माणसाला जागा देण्यास तुमचा पाठिंबा आहे काय, असे स्पष्ट शब्दांत विचारावे.